मराठी एक, इंग्रजी नऊ आणि चौसष्ट हजार

आमच्या मामांच्या घरी गेल्या वर्षी झालेलं हे प्रकरण आहे. मी पुण्यात एका कंपनीत अकाऊंट्सला आहे त्यामुळे घरात कुणाचंही बँकेचं काही अडलं की फोन माझ्याकडे येतो, आणि हे तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत माझ्याच डोक्यावर होतं. त्या वेळी मी वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या म्हणून आता क्रमाने सांगता येतंय. लोक अशा वेळी "चुकीच्या खात्यात पैसे गेले" एवढंच सांगतात, पण चूक नेमकी कुठे झाली, ती आठवडाभर कुणालाच का दिसली नाही आणि पैसे परत यायला महिना का लागला, हे कुणी नीट उलगडून सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

मामा कराडजवळच्या एका गावात राहतात. शेती, चार म्हशी, दोन गाई. जुना गोठा पार मोडकळीला आलेला म्हणून पत्र्याचं शेड मारायचं ठरवलं. तालुक्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने एक लाख साठ हजाराचं कोटेशन दिलं, चाळीस टक्के अॅडव्हान्स, म्हणजे चौसष्ट हजार. माणूस ओळखीचा, गावात त्याची चार-पाच शेड उभी आहेत. मामांकडे स्मार्टफोन आहे पण त्याच्यावर भजनं आणि बाजारभाव, पैशाचं सगळं मामेभाऊ पुण्यातून बघतो. तर फॅब्रिकेशनवाल्याने कोटेशनच्या कागदामागे आपला खाते नंबर, आयएफएससी (म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड) आणि नाव पेनाने लिहून दिलं, मामांनी त्याचा फोटो काढला आणि व्हॉट्सअॅपवर मामेभावाला पाठवला. तारीख १४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार.

आता या कागदाबद्दल जरा सांगतो कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. नंबर अकरा आकडी. आकडे इंग्रजीत लिहिलेले, फक्त एक सोडून. सातवा आकडा होता एक आणि तो त्याने मराठीत लिहिला होता, म्हणजे '१'. बाकी शून्य, दोन, तीन हे आकडे तर मराठी काय आणि इंग्रजी काय, पेनाने लिहिले की जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे मधेच एक मराठी आकडा आलाय हे कळायला काही मार्गच नव्हता. आणि इंग्रजी आकड्यांच्या ओळीत मराठी '१' आला की तो सरळ सरळ इंग्रजी नऊ दिसतो. वर गोल, खाली शेपूट. मामेभाऊ इंग्रजी मीडियमचा, त्याने नऊ वाचला. मी फोटो नंतर झूम करून बघितला, खरं सांगतो, मी पण नऊच वाचला असता.

त्याहून गंमत म्हणजे त्याने तो एक मराठीत का लिहिला ते. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, मागं एकदा एका गिऱ्हाइकाने त्याच्या इंग्रजी एकाला सात वाचलं होतं, तेव्हापासून तो एक कायम मराठीत लिहितो, "म्हंजी घोटाळा नको." म्हणजे माणसाने चूक टाळायला म्हणूनच केलेली गोष्ट!

मामेभावाने संध्याकाळी अॅपमध्ये बेनिफिशिअरी, म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे तो माणूस, अॅड केला. अॅप खाते नंबर दोनदा टाकायला लावतं आणि दुसऱ्या खान्यात पेस्ट करू देत नाही. आपल्याला वाटतं की वा, किती काळजी घेतात. पण ही दोनदा टायपायची भानगड बोट घसरलं तर पकडते, वाचण्यातच चूक असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही, कारण तुम्ही त्याच फोटोत बघून तीच चूक अगदी काळजीपूर्वक दोनदा टाइप करता. त्याने तेच केलं. मग नावाच्या खान्यात फॅब्रिकेशनवाल्याचं नाव टाकलं, आयएफएससी टाकला, ओटीपी आला, झालं.

त्याच्या बँकेत नवीन बेनिफिशिअरीला पहिल्या चोवीस तासात पन्नास हजाराच्या वर पाठवता येत नाही. म्हणून त्या रात्री पन्नास हजार एनईएफटी केले, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी रात्री उरलेले चौदा. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला बॅच जाते, त्यामुळे रात्री साडेनवाला पाठवले तरी दहा-साडेदहापर्यंत मेसेज आला की पैसे बेनिफिशिअरीच्या खात्यात जमा झाले. आता ही चोवीस तासाची लिमिट असते कशासाठी, तर फसवणूक झाली तर माणसाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. आमच्याकडे पूर्ण चोवीस तास मिळाले आणि त्या चोवीस तासात कुणीही फॅब्रिकेशनवाल्याला एक फोन करून "पन्नास आले का हो?" असं विचारलं नाही. मामेभावाला वाटलं मामा विचारतील, मामांना वाटलं मेसेज आलाय म्हणजे पोचले, विचारायचं काय त्यात.

१८ तारखेला, मंगळवारी, फॅब्रिकेशनवाल्याचा मामांना फोन. "तात्या, अॅडव्हान्सचं कवा बगताय? माल भरायचाय." मामा चाट पडले. म्हणाले, आरं चार दिस झालं पाठवून, पोराच्या मोबाईलात आल्यालं हाय. तो म्हणतो आमच्याकडं काय न्हाय. मग मामेभावाने स्क्रीनशॉट पाठवले, दोन्ही ट्रान्स्फरचे. आणि इथेच सगळं बिघडलं, कारण स्क्रीनशॉटवर फॅब्रिकेशनवाल्याचं पूर्ण नाव, हिरवी टिक, खाली सक्सेसफुल आणि खाते नंबरचे शेवटचे चार आकडे, बाकी फुल्या. ते चार आकडे त्याच्या पासबुकाशी बरोब्बर जुळत होते.

जुळणारच. चूक सातव्या आकड्यात होती, म्हणजे मागून पाचव्या. दिसणाऱ्या चार आकड्यांच्या अगदी शेजारी, मागून पहिल्या फुलीखाली.

झालं, मामांच्या डोक्यात पक्कं बसलं की हा माणूस खोटं बोलतोय, पैसे घेऊन नाही म्हणतोय. आणि त्याला वाटलं हे लोक कुठून तरी बनावट स्क्रीनशॉट करून पाठवतायत, आजकाल तसं करणारे अॅप असतातच. तीन दिवस यात गेले. गावात चार लोकांसमोर बोलाचाली झाली, एकाने मध्यस्थी केली, मामीने तर त्याच्या बायकोशी बोलणं टाकलं. पैशाचं नुकसान नंतर भरून निघालं पण ही तीन दिवसांची कटुता अजून पूर्ण गेलेली नाही, असं मला तरी वाटतं.

शुक्रवारी २१ तारखेला मामेभावाने मला फोन केला. मी त्याला पहिला प्रश्न विचारला की स्क्रीनशॉटवरचं नाव कुणी टाकलं? तो म्हणाला म्हणजे काय, त्याचंच नाव आहे. मी म्हटलं, ते नाव तू टाइप केलंस ना? तेच तुला परत दाखवलंय.

ही गोष्ट मला वाटतं शंभरात नव्वद लोकांना माहीत नाही. त्या वेळी एनईएफटीत नावाचा खाना निव्वळ आपल्या समाधानासाठी होता. रिझर्व्ह बँकेचं १४ ऑक्टोबर २०१० चं परिपत्रक आहे, त्यात बँकांना स्पष्ट सांगितलंय की इलेक्ट्रॉनिक पेमेंट जमा करताना फक्त खाते नंबर बघायचा, नाव जुळवून बघायची गरज नाही, आणि नंबर बरोबर टाकायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. बँकांना हेही सांगितलंय की ऑनलाइन ट्रान्स्फरच्या स्क्रीनवर तशी सूचना द्या. ती सूचना आमच्याही अॅपमध्ये होती, बारीक अक्षरात, जिच्याखालचं 'आय अॅग्री' आपण सगळेच न वाचता दाबतो. याला कारण पण आहे म्हणा. नावं जुळवायची म्हटलं तर आपल्याकडे एकाच माणसाचं नाव आधारवर एक, पासबुकावर दुसरं, वडलांचं नाव कधी पुढे कधी मागे, स्पेलिंग तर देवाच्या भरवशावर, आणि रोजचे लाखो व्यवहार माणसांनी नावं ताडून कसे करायचे? पण ग्राहकाला हे ठणकावून कुणी सांगत नाही आणि तो बिचारा नाव बघून निर्धास्त होतो.

तेव्हा स्क्रीनशॉटवरचं नाव हा पुरावा नव्हताच. आमचंच म्हणणं आम्हाला परत ऐकवलं जात होतं आणि ते आम्ही दुसऱ्याच्या तोंडावर पुरावा म्हणून फेकत होतो.

मग मी सांगितलं की फॅब्रिकेशनवाल्याकडून पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागव, छापील नंबर. तो आधी देईना, चिडलेलाच होता, शेवटी मी स्वतः बोललो, माफी मागितली, मग पाठवला. अॅपमध्ये बेनिफिशिअरीचा पूर्ण नंबर उघडला आणि फोनवर मी एकेक आकडा वाचत गेलो, तो बघत गेला. सातव्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, इथं एक आहे."

रात्रीचे पावणेदहा. त्याच वेळी कस्टमर केअरला फोन लावून दोन्ही व्यवहारांची तक्रार नोंदवायला लावली. दोन व्यवहार म्हणजे दोन यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा बँकेतला ओळख नंबर), दोन तक्रारी. कस्टमर केअरची मुलगी म्हणाली एकच करते, मी म्हटलं नको, दोन वेगळ्या करा, आणि ते बरंच झालं असं पुढे कळलं कारण एक तक्रार त्यांनी मधेच बंद केली आणि दुसरी जिवंत राहिली. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, बँक बंद. मग रविवार.

या दोन दिवसात सल्ल्यांचा पाऊस पडला. सगळ्यात धोक्याचा सल्ला होता १९३० ला फोन करून फ्रॉड झाला म्हणून सांगा, लगेच समोरच्याचं खातं गोठवतात. देणारा माणूस भला होता, पण हे करू नका. १९३० हा सायबर फसवणुकीसाठी आहे. आपल्याला कुणी फसवलेलं नाही, आपण आपल्या हाताने पाठवलेत, आणि समोर बसलेला माणूस, ज्याला कदाचित अजून पत्ताच नाही, त्याचं खातं खोट्या तक्रारीवर गोठलं तर त्याने कुणाच्या नावाने बोटं मोडायची? शिवाय खोटी तक्रार दिल्याचं आपल्याच अंगाशी येऊ शकतं. मामेभाऊ ऐकत नव्हता, त्याला घाई झाली होती, मी त्याला सरळ दम दिला. पुढे तो खातेदार प्रत्यक्ष भेटला तेव्हा मला या एका गोष्टीचं फार बरं वाटलं.

सोमवारी २४ ला मामेभाऊ त्याच्या ब्रँचला गेला. तिथे उत्तर मिळालं की पैसे दुसऱ्या बँकेत जमा झालेत, आमच्याकडून व्यवहार यशस्वी आहे. खरंच होतं ते. नंबर अस्तित्वातच नसता तर एनईएफटीत पैसे बॅचनंतर दोन तासांत आपोआप परत यायला हवेत असा नियम आहे. आमचं नशीब असं की तो नऊवाला नंबरही कुणाचा तरी निघाला. बुधवारी महाशिवरात्रीची सुट्टी. २८ ला मेसेज आला, पन्नास हजारांची तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद. कसलं निराकरण! पैसे पोचलेत हे तर आम्हालाही माहीत होतं.

आता बँकेच्या बाजूनेही बघायला हवं. पैसे परत आणायचा रस्ता असा असतो की आपली बँक समोरच्या बँकेला लिहिते, समोरची बँक त्या शाखेला कळवते, शाखा खातेदाराला गाठते, आणि तो लेखी हो म्हणाला तर ती रक्कम वळती करते. कुणाच्याही खात्यातून त्याच्या परवानगीशिवाय पैसे काढता येत नाहीत आणि येऊही नयेत, उद्या कुणीही उठून सांगेल की चुकून गेले. पण ही साखळी हलवायला कुणीतरी पहिला मेल पाठवावा लागतो आणि तोच आठ दिवस गेला नव्हता. ३ मार्चला लेखी अर्ज दिला, जोडीला कोटेशनच्या मागचा फोटो, पासबुकाचा फोटो, चुकलेल्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. अर्जात लिहिलं की तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. खरं म्हणजे चूक आमची, लोकपाल काही चौसष्ट हजार द्या म्हणून बँकेला सांगणार नव्हता, पण पाठपुरावाच केला नाही ही तक्रार तर होऊ शकते ना. त्या एका वाक्याने मेल त्याच दिवशी गेला.

तिकडे मामा गप्प बसले नव्हते. समोरच्या बँकेची शाखा कराडला होतीच, ते सगळे कागद घेऊन तिथे गेले. तिथला अधिकारी चांगला निघाला. त्याने कॉम्प्युटरवर नंबर टाकून बघितला, म्हणाला खातं आमच्याच बँकेचं आहे पण या शाखेचं नाही, बीड जिल्ह्यातलं आहे. मामा म्हणाले नाव सांगा, मी जातो गाडी करून. तो म्हणाला काका, नाव सांगता यायचं नाही, नियमात बसत नाही. मामा म्हणाले मग तुम्हीच वळतं करून टाका, चूक तर दिसतीय समोर. त्यावर तो म्हणाला ते मला अजून आठवतं, मामांनी रात्री जसंच्या तसं सांगितलं होतं: "काका, उद्या तुमच्या खात्यातले मी असे काढले तर चालेल का?"

मामा तिथून गप्प उठून आले.

मधल्या काळात मी कायद्याचं बघून ठेवलं. भारतीय करार कायदा, १८७२ चा, त्याचं कलम ७२ सांगतं की चुकून ज्याला पैसे दिले गेले त्याने ते परत केले पाहिजेत. आणि माहीत असूनही अप्रामाणिकपणे वापरले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे, जुन्या आयपीसीत ४०३ होतं ते, मालमत्तेचा अपहार. म्हणजे 'माझ्या खात्यात आले ते माझे' असं नसतं. पण दिवाणी दावा लावायला समोरच्याचं नाव-पत्ता लागतो आणि तोच तर बँक देत नाही. म्हणून कायदा आपल्या बाजूने असला तरी व्यवहारात सगळं त्या माणसाच्या हो म्हणण्यावर येऊन थांबतं.

६ मार्चला कळलं की बीडच्या शाखेला मेल मिळालाय, पण खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बंद आहे. म्हणजे चौसष्ट हजार आल्याचा मेसेजही त्याला गेला नसणार. मग त्या शाखेने गावातल्या बँकमित्राला, म्हणजे ते अंगठा घेऊन पैसे देणारं छोटं केंद्र चालवणारा असतो त्याला, घरी पाठवलं. घरी म्हातारा-म्हातारी. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. त्यांना तरी कुठे माहीत नेमकं कुठे ते, एवढंच माहीत की मुकादम अमुक आणि 'खाली कराडकडं'.

हे मामांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही क्षणभर बोललोच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बीडचा माणूस ऊसतोडीला कराडकडे असणं यात तसं नवल काहीच नाही, दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या येतात, मामांच्या स्वतःच्या उसाला अशाच टोळ्या येतात. पण नऊ आणि एकच्या घोटाळ्यात तीनेकशे किलोमीटर लांब गेलेले पैसे ज्याच्या नावावर पडले, तो माणूस मामांच्या घरापासून वीस किलोमीटरवर कारखान्याच्या अड्ड्यावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहत होता. असला योगायोग कुणी भरवशावर धरू नये. तो नसता तर काय झालं असतं ते मला माहितीय, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, खातेदार गावी जाईपर्यंत थांबावं लागलं असतं.

आणि त्या हंगामात पट्टे लवकर पडत होते. ऊस कमी होता, कारखाने एकामागून एक बंद होत होते. टोळी उद्या सुटेल की आठ दिवसांनी, सांगता येत नव्हतं. मुकादमाच्या फोनवरून बीडच्या शाखेने त्याला गाठलं. संमतीचा अर्ज द्यायला मूळ शाखेत ये म्हणाले, तो म्हणाला कसं येऊ, खाडा पडतो, एक कोयता बसला तर मुकादम ऐकत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस मोजतच नाहीत. शेवटी दोन्ही शाखांनी आपसात बोलून ठरवलं की त्याने कराडच्या शाखेत येऊन आधार आणि अंगठा द्यावा, अर्ज इथून स्कॅन करून पाठवतील. कराडच्या अधिकाऱ्याने मामांना नाव तरीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "गुरुवारी अकराच्या सुमाराला या काका, कागदावर तुमचीही सही लागंल."

गुरुवार म्हणजे १३ मार्च, होळीचा दिवस. मीही रजा टाकून गेलो होतो. बाकावर एक तिशीचा माणूस बसलेला, टॉवेल डोक्याला, हातावर पाचटाने चिरल्याचे पांढरे ओरखडे, शेजारी पाच-सहा वर्षांची मुलगी. मामा त्याच्या शेजारीच बसले. दोघांनाही अजून माहीत नाही. मामांनी सवयीने विचारलं, "पाव्हणं कुठलं?" त्याने गाव सांगितलं आणि मामांनी माझ्याकडे बघितलं.

पुढचं बोलणं फार काही झालं नाही. मामांनी सांगितलं की बाबा ते पैसे माझे हायत. तो लगेच म्हणाला, हो, सायबांनी सांगितलंय. मग जरा थांबून म्हणाला, "मला वाटलं इम्याचे आलेत. दोन सालाचा पीकइमा आडकलाय." पोरीला ताप येत होता, अड्ड्यावरच्या किराणा दुकानात अंगठ्याच्या मशीनवर हजार रुपये निघतायत का बघायला गेला तर दुकानदार म्हणाला खात्यावर चौसष्ट हजार सातशे आहेत. त्या मशीनवर एका वेळी दहा हजारच निघतात. तेवढे काढले. दवाखान्यात सात गेले, बाकीचे किराण्यात. म्हणजे त्याचे स्वतःचे सातशे होते त्या खात्यात.

मला इथे एक कबूल करायचंय. महिनाभर आम्ही घरात ज्या 'समोरच्या माणसा'बद्दल बोलत होतो तो कुणी तरी लबाड, पैसे दाबून बसलेला असाच होता. माझ्याही डोक्यात, ३१४ कलम शोधून ठेवणारा मीच. आणि त्या माणसाने खात्यावर आलेल्या पैशाचा अर्थ आपल्या परीने लावला होता, जसा फॅब्रिकेशनवाल्याने '१' आपल्या परीने लिहिला आणि मामेभावाने आपल्या परीने वाचला. खेड्यातल्या खात्यांवर आजकाल कुठून कुठून पैसे येतात, अतिवृष्टीचं अनुदान, विमा, सन्मान निधी, बहिणींचे पंधराशे, पासबुकावर त्याची नोंद अशी काही सांकेतिक अक्षरांत छापून येते की भल्याभल्यांना कळत नाही. कुणी पाठवलेत हे त्याने ओळखायचं कसं?

अर्जावर त्याने अंगठा नाही, सही केली. मोठ्या अक्षरात, सावकाश. चौपन्न हजार वळते करावेत, उरलेले दहा हजार मी थोडे थोडे करून देईन, असं अधिकाऱ्यानेच त्याच्या वतीने लिहिलं आणि वाचून दाखवलं. मामांनी पोरीला समोरच्या टपरीवरून बिस्किटाचा पुडा घेऊन दिला. पैसे १८ मार्चला, मंगळवारी मामेभावाच्या खात्यात आले. पहिल्या ट्रान्स्फरपासून बत्तीस दिवस.

फॅब्रिकेशनवाल्याला मधल्या काळात मामांनी पतसंस्थेतून पन्नास हजार उचलून दिले होते, कारण माल भरला नसता तर पावसाच्या आत शेड झालं नसतं. त्याचं व्याज गेलं ते गेलंच.

आता सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ लाच परिपत्रक काढलं होतं की आरटीजीएस (मोठ्या रकमा पाठवायची पद्धत) आणि एनईएफटी करताना पाठवणाऱ्याला समोरच्या खात्याचं बँकेत नोंदलेलं नाव आधी दिसलं पाहिजे, आणि ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी द्यायची, तीही फुकट. एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, ती व्यवस्था उभी केलीय, नंबर आणि आयएफएससी टाकला की समोरच्या बँकेच्या सिस्टीममधलं नाव आपल्याला दिसतं. आमचा घोटाळा १४ फेब्रुवारीचा. मामेभावाच्या अॅपमध्ये तेव्हा ते आलेलं नव्हतं, दीड महिन्याने आलं. तेव्हाच आलं असतं तर नऊवाल्या नंबरापुढे बीडच्या कुणाचं तरी नाव दिसलं असतं आणि तो तिथेच थांबला असता. मी त्यानंतर त्याच्या अॅपमध्ये स्वतः बघितलं, नाव मागवायचं वेगळं बटण आहे, ते दाबावं लागतं, आपण टाइप केलेल्या नावाच्या खाली दुसरं नाव येतं. दाबा. घाई असली तरी दाबा.

मला विचाराल तर हे पंधरा वर्षं आधी व्हायला पाहिजे होतं. २०१० मध्ये नाव बघू नका म्हणून सांगितलं, ठीक आहे, पण मग नंबर तरी असा असावा की चुकला की कळेल. आधारचा शेवटचा आकडा तसाच असतो, तपासणीचा, मधला एखादा आकडा चुकवून बघा, नंबर बादच होतो. युरोपातल्या खाते नंबरांतही सुरुवातीला असे दोन तपासणीचे आकडे असतात. आपल्याकडे प्रत्येक बँकेचा नंबर वेगळ्या लांबीचा, कुठे अकरा आकडी, कुठे चौदा, कुठे सोळा, देशभर एकसारखी तपासणी अशी नाहीच. नंबर वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर सगळा भार. आणि ते डोळे दोन लिप्यांत वाचणारे.

ऑनलाइन एनईएफटीला बचत खात्यावर २०२० पासून चार्ज लागत नाही, म्हणून मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की आधी एक रुपया पाठवा. पण त्यातही खोच आहे, एक रुपया पोचल्याचा मेसेज तुमच्या बँकेकडून आला तर त्याला काही अर्थ नाही, चुकीच्या खात्यातही एक रुपया तेवढ्याच यशस्वीपणे पोचतो. ज्याला पाठवला त्याने स्वतःचं पासबुक किंवा अॅप बघून तोंडाने सांगायला हवं की आला. मामेभाऊ आता एक रुपयाच्या जागी सतरा रुपये, तेवीस रुपये असं काहीतरी पाठवतो आणि समोरच्याला विचारतो, किती आले सांगा. ही त्याची स्वतःची आयडिया, मला आवडली.

त्या दहा हजारांचं म्हणाल तर कागद देताना अधिकाऱ्याने मामांचा खाते नंबर त्या माणसाला लिहून द्यायला सांगितला. मामांनी पेन घेतलं, दोन आकडे लिहिले, थांबले, खोडले आणि मग अख्खा नंबर अक्षरात लिहिला, सहा, शून्य, दोन, असा, एकाखाली एक. जूनमध्ये त्यावर दोन हजार आले, पोळ्याच्या आसपास पंधराशे, दसऱ्याला टोळी परत खाली यायच्या आधी अडीच. राहिले चार. मामेभाऊ म्हणतो फोन करूया, मामा म्हणतात उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, मिळाली की देईल तो. मुकादमाचा नंबर अजून मामांच्याच मोबाईलमध्ये आहे, 'बीड पाव्हणं' या नावाने.